धुळीआडचे तारे

ज्यांचे कुलदैवत गोव्यात आहे अशी कितीतरी मराठी कुटुंबे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. वर्षा-दोन वर्षांनी देवदर्शनास जाणाऱ्या या मंडळींना मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या वाटा पाठ असतात. डिचोली तालुक्यातील मुळगावाकडे वळण्याचा प्रसंग मात्र त्यांतील थोड्यांनाच आला असेल. मुळगाव हे श्रीदेवी केळबाईचे गाव. शेजारच्या शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई अशा सात बहिणींपैकी केळबाई ही एक, असे लोककथा सांगते. या परिसराच्या पोटात लोहखनिज आहे, आणि त्यामुळे या गावांची दुसरी ओळख म्हणजे तांबडी धूळ. गोव्यातील खाणी २०१२ साली बंद पडल्या, पुढे काही काळ चालून २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ साली पुनश्च सुरू झाल्या. खनिजाची वाहतूक चालू असली की रस्त्याकडेच्या काजूची हिरवी पाने तांबूस होतात, हे तेथून गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

या लेखात सांगावयाचे आहे ते मात्र आकाशातील धुळीविषयी. अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या, नवे तारे वेगाने जन्मास घालणाऱ्या दीर्घिकांमध्ये तारे कोठे आहेत आणि धूळ कोठे आहे, हा आजच्या खगोलशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. मुळगावच्या मातीतील लोहाचा आणि त्या धुळीचा संबंध वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल त्याहून पुष्कळ जवळचा आहे. म्हणूनच हा विषय या गावाच्या नावाने मांडीत आहे.

आकाशाला पडलेली भोके

उन्हाळ्याच्या अखेरीस, आकाश निरभ्र असताना आणि चंद्र नसताना, मध्यरात्री दक्षिणेकडे पाहिले तर वृश्चिक व धनू या राशींमधून आकाशगंगेचा धूसर पट्टा गेलेला दिसतो. हा पट्टा अखंड नाही. त्याच्या मधोमध काळे ओघळ आहेत, कोठे काळी डबकी साचल्यासारखी दिसतात. अठराव्या शतकात विल्यम हर्शल याने हे काळे भाग दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा आकाशाला येथे भोकच पडले आहे असे त्यास वाटले. तेथे तारेच नाहीत, असा तर्क पुढेही दीर्घकाळ प्रचलित होता.

खरा प्रकार निर्विवादपणे सिद्ध झाला तो १९३० साली. अमेरिकेतील लिक वेधशाळेत रॉबर्ट ट्रम्प्लर हा शास्त्रज्ञ तारकागुच्छांचा अभ्यास करीत होता. दूरचे गुच्छ लहान दिसावेत आणि मंदही दिसावेत, यात नवल नाही. परंतु आकारावरून काढलेल्या अंतराच्या मानाने ते जितके तेजस्वी दिसावयास हवे होते, त्याहून ते अधिकच मंद दिसत होते. वाटेत प्रकाश गिळणारे काहीतरी असल्याखेरीज हे शक्य नव्हते. ते ‘काहीतरी’ म्हणजे ताऱ्यांमधल्या पोकळीत पसरलेली धूळ होय.

ही धूळ आपल्या रस्त्यावरच्या धुळीसारखी नाही. तिचा एकेक कण सामान्यतः एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो, म्हणजे चुलीतून निघणाऱ्या धुराच्या कणांशीच त्याची तुलना करावी लागेल. सिलिकेट आणि कार्बन हे तिचे मुख्य घटक. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या दरम्यान जे द्रव्य आहे त्यात शंभर भाग वायू, तर ही धूळ जेमतेम एक भाग. परंतु हा एक भागच प्रकाशास पुरून उरतो. आकाशगंगेचे केंद्र आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर धनू राशीच्या दिशेस आहे. तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक कण आपल्यापर्यंत पोचतो. बाकी सारे वाटेतच शोषले अथवा विखुरले जातात.

निळा प्रकाश धुळीत अधिक अडतो आणि तांबडा कमी, हे आपणास मावळतीच्या सूर्यावरून थोडेफार समजते. तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्यांस न दिसणारा जो अवरक्त प्रकाश, तो धुळीतून पुष्कळसा पार होतो. चुलीत धूर कोंडून विस्तव दिसेनासा झाला तरी त्याची धग हाताला लागतेच, तसा हा प्रकार आहे. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींच्या साहाय्याने राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेआ गेझ यांनी आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे माग काढला, तेथे प्रचंड वस्तुमानाची एक अदृश्य वस्तू असल्याचे दाखवून दिले, आणि २०२० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. नुसत्या डोळ्यांच्या साक्षीवर विसंबून राहिलो असतो, तर आपल्याच घराच्या माजघरात काय आहे हे आपणास कधी कळले नसते.

सप्तर्षींपाशी न दिसलेली दीर्घिका

आपल्या आकाशगंगेपुरता हा प्रश्न असता तर निभावून गेले असते. पण विश्वात अशा अब्जावधी दीर्घिका आहेत आणि त्या प्रत्येकीत कमीअधिक धूळ आहे. दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे, हे वाचकांस ठाऊक आहेच. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, तरी हजार कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेला किरण आपल्यापर्यंत येण्यास हजार कोटी वर्षे लागतात. तेव्हा दूरच्या दीर्घिका पाहून विश्वाचा पूर्वेतिहास वाचता येतो. या इतिहासाच्या पानांवरच धूळ बसली असेल, तर मात्र तो वाचताना घोटाळा होणार.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींपाशी असलेल्या आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे सलग दहा दिवस टक लावून पाहिले. नुसत्या डोळ्यांना अगदी रिकाम्या भासणाऱ्या त्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका आढळल्या. जगभर त्या छायाचित्राचे कौतुक झाले, आणि विश्वात तारे केव्हा, किती वेगाने जन्मले याचा हिशेब त्यावरून मांडला जाऊ लागला.

थोड्याच काळात हवाई बेटांवरील मॉना किया पर्वतावरून, मिलिमीटरहून किंचित आखूड लांबीच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाने तोच तुकडा पाहण्यात आला. या लहरी म्हणजे ऊब धरलेल्या धुळीचे उत्सर्जन. ‘ऊब’ म्हटले तरी तिचे तापमान शून्याखाली २४० अंशांच्या आसपास असते. परंतु अवकाशाच्या निबिड गारठ्यात तेवढेही ओळखू येते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांत जो स्रोत सर्वांत तेजस्वी ठरला, त्या जागी हबलच्या छायाचित्रात काहीच नव्हते! ‘एचडीएफ ८५०.१’ असे त्याचे रूक्ष नाव पडले. तो किती दूर आहे हे कळावयास आणखी चौदा वर्षे लागली. २०१२ साली कार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या रेषांवरून त्याचे अंतर निश्चित झाले. त्याचा प्रकाश साडेबाराशे कोटी वर्षे प्रवास करून आला होता, म्हणजे तो निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे ११० कोटी वर्षांच्या घरात होते. त्या दीर्घिकेत दरवर्षी सुमारे ८५० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे निर्माण होत असावेत, असा अंदाज तेव्हा करण्यात आला. आपल्या आकाशगंगेत हे प्रमाण वर्षाला एक-दोन सूर्यांएवढेच आहे.

अशा तऱ्हेने सर्वांत मोठी धामधूम चालू होती तीच दीर्घिका नेमकी छायाचित्रात गैरहजर होती. आणि ती एकटीच अपवाद नव्हे. विश्वात आजवर ताऱ्यांनी जो प्रकाश दिला, त्यापैकी सुमारे निम्मा धुळीने शोषून घेऊन अवरक्त रूपात परत केला आहे, असे मोजमापांवरून दिसते. हा निम्मा हिशेब सोडून दिला तर ताऱ्यांच्या जन्माची नोंदवही कधीच जुळणार नाही.

गाभ्यात धूळ, कडेला तारे

आता प्रश्न येतो रचनेचा. विश्वात तारे सर्वाधिक वेगाने जन्मले तो काळ सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळातील दीर्घिका हबलच्या छायाचित्रांत वेड्यावाकड्या, ठिकठिकाणी गुठळ्या झाल्यासारख्या दिसतात. आजच्या दीर्घिकांची रेखीव चकती, तिचा फुगीर मध्यभाग, हे तेथे फारसे आढळत नाही. बाल्यावस्थेतील दीर्घिका अशाच अस्ताव्यस्त असणार, असा समज त्यामुळे रूढ झाला.

परंतु येथे एक मेख आहे. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरचा प्रकाश आपल्यापर्यंत येईतो ताणला जातो. यालाच ताम्रसृती म्हणतात. त्या दीर्घिकांतून निघालेला अतिनील प्रकाश तिप्पट ताणला जाऊन हबलला दृश्य प्रकाश म्हणून दिसत होता. आणि धुळीत सर्वांत अधिक अडतो तो अतिनील प्रकाशच. म्हणजे धुळीच्या दृष्टीने सर्वांत अडचणीच्या प्रकाशातच ही चित्रे घेतलेली होती.

चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर, ६६ अँटेनांची ‘आल्मा’ ही प्रचंड दुर्बीण आहे. तिने याच काळातील मोठ्या दीर्घिकांची धूळ पाहिली, तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. तारे वीस-तीस हजार प्रकाशवर्षांच्या विस्तारात पसरलेले असावेत आणि धूळ मात्र मध्यभागी काही हजार प्रकाशवर्षांच्या आत दाटलेली असावी, असे अनेक दीर्घिकांत आढळले. त्या धुळीच्या गाभ्यातच नव्या ताऱ्यांची निर्मिती सर्वांत जोरात चालू होती.

शिरगावच्या जत्रेतील होमकुंड ज्यांनी पाहिले असेल त्यांना याची कल्पना चटकन येईल. दूरच्या टेकडीवरून पाहणाऱ्यास जत्रेतल्या दुकानांचे दिवे विखुरलेले दिसतील. मधला मोठा अग्नी धुराने झाकला असेल, तर त्या दिव्यांवरूनच तो जत्रेचा नकाशा काढील, आणि तो नकाशा चुकेल.

२५ डिसेंबर २०२१ रोजी उड्डाण केलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने या दोन चित्रांचा सांधा जुळविण्यास मोठी मदत केली. साडेसहा मीटर व्यासाचा तिचा आरसा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून अवरक्त प्रकाश टिपतो. हबलला गुठळ्या दिसत होत्या तेथे वेबला अनेकदा शांत, सपाट चकती दिसली. काही ठिकाणी तर तिच्या मध्यावर ताऱ्यांचा दांडाही दिसला. पुष्कळशा मोठ्या दीर्घिका पूर्वी वाटत होत्या त्याहून आटोपशीर ठरल्या, कारण त्यांच्या मध्यभागी दडलेले तारे आता मोजणीत आले. एचडीएफ ८५०.१ मधील ताऱ्यांचा प्रकाशही वेबने अखेर टिपला. आजच्या मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी जो वृद्ध ताऱ्यांचा फुगवटा दिसतो, त्याची घडण या धुळीने भरलेल्या गाभ्यांतच झाली असावी, या विचारास त्यामुळे बळकटी आली आहे. इतका वायू आणि इतकी धूळ मध्यभागी येऊन साठते कशी, दीर्घिकांच्या टकरींमुळे की चकतीच्या स्वतःच्या अस्थैर्यामुळे, यावर अद्याप शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे.

धूळ येते कोठून?

धूळ म्हणजे केवळ अडथळा, अशी कोणाची समजूत होऊ नये. वृद्ध तारे फुगतात, त्यांचे बाह्य थर अवकाशात वाहून जातात आणि थंड होताना त्यातून धुळीचे कण घडतात. मृग नक्षत्रापाशी असणारा काक्षी हा तांबडा तारा २०१९ च्या अखेरीपासून काही महिने एकाएकी मंदावला होता. आपल्या वाचकांपैकी काहींनी तो डोळ्यांनी पाहिलाही असेल. त्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धुळीचा ढग तयार होऊन आड आला, असे पुढे निष्पन्न झाले. मोठे तारे स्फोट पावून मरतात तेव्हाही विपुल धूळ निर्माण होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषांत जवळजवळ अर्ध्या सूर्याएवढ्या वस्तुमानाची धूळ असल्याचे २०११ साली हर्शल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून कळले.

हीच धूळ पुढील पिढीच्या ताऱ्यांची सुईण ठरते. हायड्रोजनचे सुटे अणू पोकळीत एकमेकांस भेटणे दुरापास्त. धुळीच्या कणावर ते येऊन टेकतात आणि तेथे त्यांची जोडी जमते. धूळ बाहेरचा दाहक प्रकाश अडवून वायूच्या ढगाचा अंतर्भाग थंड राखते, आणि थंड झालेला वायूच स्वतःच्या भाराने आकसून तारा बनू शकतो. यात वायूचा साठाही पुरेसा हवा. पुणे जिल्ह्यात नारायणगावनजीक खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने या साठ्याचा अंदाज घेतला आहे. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून त्यांतील अणुरूप हायड्रोजन मोजला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा निष्कर्ष असा की, त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे निर्माण करीत होत्या, त्या वेगाने तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. नव्या वायूची भर पुरेशी पडली नाही, आणि विश्वातील ताऱ्यांचा जन्मदर तेव्हापासून घसरत गेला.

पुण्यात सापडलेली अलकनंदा

पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली आणखी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्यांना एक सर्पिल दीर्घिका आढळली. तिच्या दोन्ही भुजा प्रमाणबद्ध आहेत आणि विस्तार सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांचा आहे. हिमालयातील मंदाकिनीची भगिनी म्हणून त्यांनी तिचे नाव ठेविले ‘अलकनंदा’. कारण मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचेच एक नाव आहे.

या दीर्घिकेचा प्रकाश सुमारे बाराशे कोटी वर्षांपूर्वी निघाला. विश्वाचे वय तेव्हा अवघे दीडशे कोटी वर्षे होते. इतक्या अल्पावधीत हजार कोटी सूर्यांइतके तारे जमावेत, त्यांची चकती स्थिरावी आणि तिच्यात रेखीव भुजाही उमटाव्यात, ही गोष्ट जुन्या समजुतीत बसणारी नव्हती. वर्षाला साठ सूर्यांच्या आसपास वस्तुमानाचे तारे तेथे जन्मत होते. ताऱ्यांची संख्या, त्यांचे वय आणि धुळीचे प्रमाण हे परस्परांपासून वेगळे करणे सोपे नसते; कारण म्हातारा तारा तांबडा दिसतो आणि धुळीआडचा तरुण ताराही तांबडाच दिसतो. ही गल्लत टाळण्यासाठी अनेक निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमा एकत्र पाहाव्या लागतात. शिवाय वाटेतील दीर्घिकांच्या एका महागुच्छाने गुरुत्वीय भिंगासारखे काम करून तिचा प्रकाश वाढविला, हेही संशोधकांच्या पथ्यावर पडले.

सात बहिणी आणि तांबडी माती

दूरच्या दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. परंतु तारे आणि धूळ यांची जोडी घरच्या अंगणातूनही पाहता येते. हिवाळ्यात रात्री डोक्यावर येणारा कृत्तिकांचा पुंजका मुलांना अवश्य दाखवावा. अनेक देशांतील लोक यांना सात बहिणीच म्हणतात, हे केळबाई-लईराईच्या कथा ऐकून वाढलेल्या मुलांना विशेष आवडेल. आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर असलेल्या या ताऱ्यांभोवती छायाचित्रांत निळसर वस्त्र गुंडाळल्यासारखे दिसते. ती धूळच आहे. ती त्यांच्या जन्माच्या वेळची नव्हे. प्रवासात योगायोगाने भेटलेल्या ढगातून या बहिणी सध्या जात आहेत, आणि त्यांचा निळा प्रकाश ती धूळ विखुरते आहे.

राहता राहिली मुळगावची धूळ. लोहाचे अणू ताऱ्यांच्या स्फोटांतच घडले, आणि ताऱ्यांमधील पोकळीत असलेले बहुतेक लोह धुळीच्या कणांतच बांधलेले असते. अशा वायूच्या व धुळीच्या ढगातून ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि पृथ्वी जन्मली. पुढे प्राचीन सागरांच्या तळाशी लोहाचे थर साचले, गंजले, वर आले, आणि त्यांपैकी काही डिचोलीच्या टेकड्यांत आज आपल्या हाती लागतात. ज्या धुळीने अलकनंदेच्या भुजांत ताऱ्यांच्या जन्मास हातभार लावला, तिच्याच कुळातील ही माती आहे.

तिचे हे थोर कुळ गावकऱ्यांचा त्रास मात्र कमी करीत नाही. घरे, देवळे आणि शेती खाणपट्ट्यातून वगळावीत, अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांनी केली आहे. तिचा निकाल योग्य ठिकाणी लागेल. परंतु खगोलशास्त्रज्ञांनी शिकविलेला एक धडा येथेही उपयोगी पडावा. पानांवर बसलेली तांबडी धूळ डोळ्यांना दिसते, म्हणून ओरड तिच्याविषयी होते. पाऊस पडला, पाने धुतली गेली, की विषय मागे पडतो. फुप्फुसांत खोलवर जाणारी धूळ अडीच मायक्रॉनहूनही बारीक असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला यंत्रच लागते. २००९ साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार अशी धूळ एका घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. तेव्हा गावातील हवा रोज मोजली जावी, तेथले आकडे शाळेच्या फळ्यावर आणि पंचायतीच्या दारावर लागावेत, आणि मुलांना ते वाचता यावेत, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. बाराशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेतील धूळ आपली माणसे पुण्यात बसून मोजतात. मुळगावची मोजणे त्याहून खचितच सोपे आहे.